झाकण लागत नाही

ही घडलेली गोष्ट आहे.

पटवून द्यायची हौस नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी म्हणावं. फक्त उद्या लिफ्टमध्ये पाय टाकताना हिची आठवण झाली, तर दोष देऊ नये.

अमावास्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात, भर दुपारी, खाली हातगाडीवाल्यांची भांडणं चालू असताना हे घडलं. मेलेली माणसं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. ज्याला दिवसाढवळ्या मारलं, तो दिवसासुद्धा येणार.

हार्डवेअरच्या एका दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की एक खोली आहे. बाहेर पाटी आहे, ‘प्रशिक इलेक्ट्रॉनिक्स’. आत टेबल, वायरी डागायची सोल्डरची इस्त्री, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि टेबलाशी वाकलेली राणी.

प्रशिक तिचा थोरला भाऊ. ती त्याला अण्णा म्हणायची. स्टॅबिलायझर, वजनकाटे, गिरणीची पॅनेलं, लिफ्टची सर्किट-कार्डं... जे कंपनीवाले ‘फेकून द्या, नवीन घ्या’ म्हणायचे, ते अण्णा चालू करून द्यायचा. राणी त्याच्याकडेच काम शिकली.

आता अण्णा नाही. पाटी आहे.

तो देशपांडे नगरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मेला. लिफ्टमध्ये म्हणजे आत नव्हे. लिफ्ट जिथून वर-खाली जाते त्या पोकळीत. दार उघडून तो आत वाकला होता, कुलूप तपासत होता, आणि वरून लिफ्ट आली.

लोकांनी एका वाक्यात निकाल लावला.

“मेकॅनिकच्याच जम्परने मेकॅनिक मेला.”

जम्पर म्हणजे एवढासा वायरचा तुकडा. कार्डावरची तांब्याची रेघ जळली की दोन टोकं जोडायला लावतात. साधं, सरळ काम. पण कधी कधी जे जोडू नये, तेही त्याने जोडतात. लिफ्टच्या दाराला विजेचं कुलूप असतं. दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही. हे कुलूप बिघडलं की लिफ्ट अडून बसते. मग कार्डावर एक जम्पर मारला की झालं. दार सताड उघडं राहिलं तरी लिफ्ट चालते. आंधळी होऊन चालते.

तसा जम्पर त्या कार्डावर सापडला होता. छोटा, घट्ट, कार्डाच्या डब्याच्या झाकणाखाली लपलेला.

सांत्वनाला आलेले हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आईसमोर म्हणाले होते, “तुमच्यातली पोरं हुशार असतात हो. पण शिस्त नसते.”

*तुमच्यातली.*

त्या दिवसापासून आईने, म्हणजे पारूबाईने, एकच धरून ठेवलं. तिला ना भरपाई हवी होती, ना सत्कार. “तिथल्या एका माणसानं माझ्यासमोर येऊन म्हणावं, चूक पोराची न्हवती. एकानं. बास.”

कुणी आलं नाही.

आणि एका दुपारी श्रीहर्ष आला.

श्रीहर्ष त्या हॉस्पिटलचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, हातात पिशवी. जिना चढून दम लागला होता, तरी खुर्ची रुमालाने पुसून मगच बसला. पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

राणीने बघितलं आणि तिच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

तेच कार्ड.

“अक्का, जास्त काही नाही बघा,” तो म्हणाला. “ही वायर करपलीय. लिफ्ट मधेच अडतीय. ही काढायची, दुसरी लावायची. चहा प्यायच्या आत होईल तुमचं.”

राणी त्या वायरकडे बघत राहिली.

“हा जम्पर अजून आहे यात?”

“मग? त्याच्यावरच चालतीय की लिफ्ट.”

“माणूस मेला यानं.”

“होय हो, वाईट झालं. पण नवीन कुलूप बसवायचं तर सगळ्या मजल्यांचं बसवावं लागतंय. पेशंट काय जिन्यानं नेऊ? नको अक्का, ते जुनं उकरून नको काढायला.” तो थोडा पुढे झुकला. “आणि खरं सांगू? तुमच्या भावानंच लावलेली वायर आहे. म्हणून तर तुमच्याकडे आणली. भावाचं काम बहिणीला नाही कळणार तर कुणाला?”

चपलेने मारावं असं वाक्य. पण राणीने हात उगारला नाही. तिची नजर वायरवर अडकली होती.

“संध्याकाळच्या आधी आणून बसवते,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

तो गेला. राणीने कार्ड उजेडात धरलं.

वायर जाड होती. घरातल्या दिव्याला वापरतात तसली. टोकांना सोल्डरची ढेकळं, जणू कुणी शेणाचा गोळा थापलाय. एक टोक करपून काळं पडलेलं.

हे अण्णाचं काम नव्हतं.

अण्णाची एक रीत होती. हुबळी-धारवाडातले सगळे मेकॅनिक त्यावरून त्याला हसायचे. तपासणीसाठी कधी कुलूप वगळून जम्पर मारावाच लागला, तर तो वायर आखूड कधीच ठेवायचा नाही. हातभर लांब ठेवायचा. तिच्या मधोमध आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा आणि ती डब्याच्या बाहेर लोंबती सोडायचा.

शेपूट म्हणायचा तो तिला.

“शेपूट बाहेर असलं की झाकण लागत नाही,” तो सांगायचा. “झाकण लागलं नाही की मूर्खालासुद्धा कळतं, काम अर्धं आहे. आणि झाकण लागलेलं दिसलं की आपण समजायचं, जम्पर निघाला. बिनधास्त हात घालायचा.”

बिनधास्त हात घालायचा...

इतके दिवस ती या जम्परचं फक्त ऐकत आली होती. बघितलं आज. आखूड वायर. म्हणजे लागलेलं झाकण. त्या सकाळी अण्णा लिफ्टच्या खोलीत गेला असेल, झाकण लागलेलं बघितलं असेल. कुलुपाचा जोड कुठे तुटतोय ते बघायला लिफ्टचा करंट चालूच ठेवावा लागतो. दार उघडं असलं की लिफ्ट हलणार नाही, या भरवशावर तो खाली आला असेल, दार उघडून वाकला असेल...

त्याच्याच रीतीवर विश्वास ठेवून.

कुणी तरी शेपूट कापलं होतं.

तिने इस्त्री लावली आणि ती जाड वायर उपसून काढली. कचऱ्याच्या डब्यात फेकली. तेवढ्यात करंट गेला. पंखा मंदावत थांबला.

खालची भांडणं एकदम बंद झाली. हातगाड्या, रिक्षा, तागे मोजणाऱ्यांचे आवाज... काहीच नाही. दुर्गदबैलात दुपारी अशी शांतता कुणी ऐकलेली नाही.

आणि मग...

*टक्.*

कार्डावर रिले असतो. काळी डबी. करंट मिळाला की आतली पट्टी ओढली जाते आणि टक् असा आवाज येतो.

कार्ड टेबलावर उघडं पडलं होतं. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती. बाजारात करंट नव्हता.

*टक्.*

राणी उठली. जिन्याच्या दाराशी जाऊन खालच्या दुकानदाराला तिने हाक मारली. “ओ मामा! करंट सगळ्यांचाच गेलाय काय?”

तिच्या हाकेसरशी खालचा सगळा गोंगाट परत सुरू झाला, जणू मधे थांबलाच नव्हता.

“सगळ्यांचाच गेलाय की गं! मी काय खिशात घालून बसलोय?” मामा ओरडला.

ती हसली. हसून बरं वाटलं. वळली.

कार्डावर एक वायर होती.

लांब. हातभर. दोन्ही टोकांना सोल्डरचे दोन थेंब, गोल, चकचकीत, मोत्यासारखे. मधोमध लाल चिंधी. चिंधीला दुहेरी गाठ, तिचा एक कान मोठा, एक लहान. अण्णाची गाठ. लहानपणी तिच्या वेणीची रिबीनही तो अशीच बांधायचा.

तिने थेंबाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

गरम होता.

इस्त्री स्टँडवर होती, जिथे तिने ठेवली होती तिथेच. जिन्यावरून तिच्यासमोरून कुणी गेलं नव्हतं. दुसरा रस्ता नव्हता.

“अण्णा?” ती म्हणाली.

खोलीत राळेचा धूर तेवढा तरंगत होता. कुणी तरी आत्ताच सोल्डर मारल्यासारखा.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. राणीला भीती वाटलीच, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या वर राग होता. तिने ती वायर काढली नाही. कार्ड तसंच शेपटासकट पिशवीत घातलं आणि रिक्षा केली.

हॉस्पिटलच्या गच्चीवर लिफ्टची खोली. तिथे अप्पाजी होता, लिफ्ट चालवणारा म्हातारा. अळणावरकडचा माणूस, रेल्वेत हमाली करून इथे आलेला. राणी पूर्वी अण्णाबरोबर यायची तेव्हा तो तिला तंगी म्हणायचा, धाकटी बहीण असल्यासारखं. आता तो नजर चुकवत होता.

“आलीस तंगी? लाव, लाव. सायेब मागं लागलेत.”

राणीने पिशवीतून कार्ड काढलं. शेपूट लोंबत बाहेर आलं.

अप्पाजीच्या हातातला कंदिलासारखा मोठा टॉर्च खाली पडला.

“हे... हे कुठनं आणलंस?”

“का? बघितलंय काय आधी?”

“हे न्हाई लावायचं. काढ ते. काढ म्हणतो ना!” तो भिंतीला टेकला. “मी माझ्या हातानं कापलं होतं ते...”

बोलून गेला. मग तोंडावर हात ठेवला. पण आता उशीर झाला होता.

राणी शांत आवाजात म्हणाली, “कुणी सांगितलं होतं?”

“कोण सांगणार? मॅनेजर सायेबांनीच. रात्री पेशंट आला होता मोठ्या घरचा. लिफ्ट पाहिजे म्हणाले. तुझा भाऊ सांगून गेला होता, कुलूप येईपर्यंत चालवू नका. ते म्हणाले, ही चिंधी कसली लोंबतीय, आखूड कर, झाकण लाव, दिसायला बरं दिसत न्हाई. वायर मीच दिली. घरची. सकाळी काढू म्हणाले.” म्हाताऱ्याचे डोळे भरले. “सकाळी मी खाली होतो गं. तो आल्याचं मला कळलंच न्हाई. वर लिफ्टमधनं कुणी तरी बटण दाबलं...”

“दिसायला बरं दिसत नाही,” राणी म्हणाली. “म्हणून मारला.”

“असं म्हणू नगं.”

“मग कसं म्हणू? माझ्या आईसमोर चला. एवढंच म्हणा, चूक त्याची नव्हती.”

अप्पाजीने मान हलवली. “नातीचं नर्सिंग हितंच चाललंय. मी तोंड उघडलं तर तिला ठेवतील काय? तू सांग.”

गरिबाचं तोंड कशाने बंद करायचं हे या लोकांना बरोबर कळतं. पैसे लागत नाहीत. नातीचं नाव घेतलं की पुरतं.

तेवढ्यात श्रीहर्ष आला.

“झालं का अक्का? अरे! हे काय? ही दिवाळीची माळ कशाला?”

“झाकण लावू नका,” राणी म्हणाली. “लिफ्ट चालवू नका. अप्पाजींनी सगळं सांगितलंय मला.”

श्रीहर्षने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा जमिनीकडे बघत होता.

“काय सांगितलं? काय रे अप्पाजी, काय सांगितलंस?”

“काय न्हाई सायेब.”

“ऐकलं? काही नाही म्हणतो तो.” श्रीहर्ष हसला. “साक्षीला कोण येणार मग? ही चिंधी?”

त्याने अप्पाजीच्या हत्यारांतून पक्कड उचलली आणि शेपूट कापलं. चिंधी फरशीवर पडली. उरलेली दोन टोकं त्याने पिळून एकत्र केली, वर टेप गुंडाळला, झाकण दाबलं आणि स्वतःच्या हाताने स्क्रू आवळले. शेवटचा स्क्रू पिळताना दात आवळून म्हणाला, “आयतु. संपलं. इतकंच काम होतं. तुमच्या घराण्याला प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करायची सवय.”

तिघंही खोलीतून बाहेर पडले. राणीने जाताना चिंधी उचलून मुठीत घेतली. श्रीहर्षने दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

दोन पायऱ्या उतरले असतील...

*टक्.*

श्रीहर्ष थांबला.

*टक्.*

आणि मग फरशीवर काही तरी पडून गडगडत गेलं. छोटं. लोखंडाचं. मग दुसरं. मग आणखी.

“उंदीर आहेत,” श्रीहर्ष म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

त्याने कुलूप उघडलं.

झाकण उघडं होतं. स्क्रू खाली विखुरले होते. आणि डब्यातून... हातभर लांब वायर बाहेर लोंबत होती. मधोमध लाल चिंधी. ती हलत होती. खोलीला खिडकी नव्हती.

राणीने आपली मूठ उघडून बघितली. पहिली चिंधी तिच्या हातातच होती.

अप्पाजी फरशीवर बसला आणि त्याने दोन्ही हात जोडले. देवाला नव्हे. डब्याला.

“माझं चुकलं रे पोरा,” तो म्हणाला. “माझं चुकलं.”

आईला जे वाक्य हवं होतं, ते असं बोललं गेलं. आईच्या माघारी, एका पत्र्याच्या डब्यासमोर.

श्रीहर्षचं गंध घामाने नाकावर उतरलं होतं. तो एवढंच म्हणाला, “करणी केलीय हिनं. ह्या लोकांना सगळं येतंय.” आणि जिन्याने खाली पळाला. लिफ्टने नाही गेला. हे लक्षात ठेवा.

राणी घरी आली तेव्हा आई दोरीवरचे कपडे काढत होती. राणीने सगळं सांगितलं. काहीही न लपवता. शेवटी आई म्हणाली, “चिंधी बघू.”

राणीने हातावर ठेवली. लाल काठ, त्यात बारीक पांढरी वेल.

आईने ती उलटी केली, सुलटी केली. मग आत गेली, ट्रंक उघडली आणि एक इरकल लुगडं आणून राणीच्या मांडीवर ठेवलं. लाल काठ, बारीक पांढरी वेल. यंदाच्या जयंतीला घेतलेलं. मोर्चाला एकदा नेसून घडी घालून ठेवलेलं.

अण्णाला जाऊन वर्ष उलटल्यावर घेतलेलं लुगडं. त्याने ते कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

राणीने घडी उलगडली.

पदराच्या टोकाशी काठ फाटलेला होता. एक पट्टी. तिच्या शेजारी दुसरी. कात्रीने नव्हे, दातांनी सुरुवात करून हाताने फाडल्यासारख्या. अण्णा तशाच फाडायचा आणि आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

आईने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“त्याला लागलं असंल,” ती म्हणाली. “त्याला कायम माझंच लागायचं.”

रडली नाही. त्याच रात्री तिने ते लुगडं ट्रंकेत न ठेवता बाहेर दोरीवर टाकलं. “शोधायला नको त्याला,” म्हणाली.

त्यानंतर हॉस्पिटलने काय काय केलं ते सगळ्या देशपांडे नगराला माहीत आहे, फक्त कारण कुणी सांगत नाही. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण लावलं, सकाळी उघडं. झाकणावर पट्टी ठोकली, पट्टी वाकलेली. पूजा घातली. नारळ फोडले. एवढ्या खर्चात सगळी कुलपं आली असती, पण ते काही सुचलं नाही. शेवटी लिफ्टच्या दारांवर फळ्या मारल्या. आता वॉर्डबॉय पेशंटला स्ट्रेचरवर घेऊन जिने चढतात, आणि श्रीहर्ष नातेवाईकांना सांगतो, लिफ्टचं नूतनीकरण चालू आहे. त्या डब्याला करंट नाही. कार्डसुद्धा काढून फेकलं.

अप्पाजी आईकडे आला नाही. गावी गेला म्हणतात.

बाजारात राणीचं नाव करणीवाली पडलंय. तरी लोक कार्डं घेऊन येतातच. दुसरीकडे दुरुस्त होत नाहीत. लिफ्टच्या कार्डावर आखूड जम्पर असला की ती तो उपसून कचऱ्यात टाकते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते, कुलूप आणा, नाही तर जिना चढा. काही जण शिव्या घालून दुसरीकडे जातात. दुसरीकडे लावून मिळतो.

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती. लिफ्ट बंद आहे. कार्ड नाही. झाकण लावावं असं आत काही उरलेलं नाही. त्याचं काम झालं म्हणायचं, आणि त्याने आता शांत पडावं.

पण राणीला झोप लागत नाही.

कारण आईचं लुगडं अजून दोरीवर आहे. रोज सकाळी उठून ती पहिल्यांदा तिथेच जाते, आणि काठ हातात घेऊन बघते.

काठ अजून कमी होतोय.

परवा एक पट्टी गेली. काल दोन गेल्या.

त्या हॉस्पिटलात बांधायला आता काही नाही. मग तो त्या पट्ट्या कुठे नेतोय... हुबळीत कुठल्या इमारतीत, धारवाडात कुठल्या गच्चीवर, कुठल्या लागलेल्या झाकणापाशी तो बसलाय, हे राणीला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आज सकाळी आईने आणखी एक लुगडं दोरीवर टाकलं.